विंडोज मारण्याआधी फायली कशा वाचवायच्या: क्रमाने काय काय तपासायचं

कॉम्प्युटर दुरुस्तीला येतो तेव्हा सोबत एक ठरलेलं वाक्य येतं: "विंडोज मारून द्या, पण डेटा जायला नको." विंडोज मारणं म्हणजे ते पुसून नव्याने टाकणं. दुसऱ्या प्रकारचे लोक विंडोज मारून झाल्यावर येतात. दोघांचीही लक्षणं खाली एकत्रच देतो, तुमचं कोणतं ते बघा.

विंडोज टाकायच्या आधीची लक्षणं:

- निळी स्क्रीन येते, किंवा मशीन 'ऑटोमॅटिक रिपेअर'वरच घुटमळत राहतं.
- काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' असा मेसेज येतो.
- लॉगिन होतं, पण डेस्कटॉप कोरा. वॉलपेपरही वेगळाच.
- साधं फोल्डर उघडायलाही मिनिटं लागतात, मध्येच सगळं गोठतं.
- निळ्या पानावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते.

टाकून झाल्यावरची लक्षणं:

- डेस्कटॉपवरचं काहीच नाही, किंवा डी ड्राइव्हच दिसत नाही.
- फायलींची नावं दिसतात, शेजारी ढगाचं चित्र असतं आणि इंटरनेटशिवाय उघडत नाहीत.
- टॅली चालू होतं, पण कंपनी सापडत नाही.
- मराठी पत्रं उघडतात, पण आत इंग्रजी अक्षरांचं गिचमिड दिसतं.
- जुन्या फोल्डरवर क्लिक केलं की 'परवानगी नाही' येतं.

यातल्या फार थोड्या वेळा फायली खरोखर पुसलेल्या असतात. बहुतेक वेळा त्या चुकीच्या जागी शोधल्या जातात, किंवा 'डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतलं, झालं' असं म्हणून बाकीचं मागे राहिलेलं असतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपल्यापासून चांगली चालणारी मशीनंही पुसून त्यावर ११ टाकायची घाई चालू आहे, त्यामुळे हे प्रकार वाढलेत.

पहिलं काम: चावी

चावी म्हणजे वर आलेली ४८ आकडी रिकव्हरी की. ती शोधणं फुकट आहे, मोबाइलवरून होतं, आणि बाकी कशालाही हात लावायच्या आधी करायचं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते. प्रो आवृत्तीत त्याला बिटलॉकर म्हणतात, होम आवृत्तीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने तेच काम चालतं. विंडोज ११च्या २०२४मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नवीन इन्स्टॉल केलं की हे बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं. मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

हे पहिलं का? कारण नुसती बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधली) सेटिंग बदलली तरी मशीन चावी मागू शकतं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर मागतंच. चावी नसेल तर ती डिस्क दुकानदार, कंपनी किंवा रिकव्हरी लॅब यांपैकी कोणालाही उघडता येत नाही.

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा, 'डिव्हाइसेस'मध्ये तुमचा लॅपटॉप आणि त्याखाली बिटलॉकरची की शोधा. सापडली की कागदावर उतरवून घ्या. सापडली नाही, तर लॅपटॉप नवीन आला तेव्हा सेटअप कोणाच्या ईमेलवर झाला होता ते आठवा. कधी मुलाच्या शाळेचा ईमेल निघतो, कधी ऑफिसमधून सोडून गेलेल्या माणसाचा. मशीन चालू होत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरच्या किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'च्या पानावरून की सेव्ह करता येते, किंवा एन्क्रिप्शन बंदच करून टाकता येतं. बंद व्हायला वेळ लागतो, तोवर चार्जर लावून ठेवा.

विंडोज टाकायची खरंच गरज आहे का?

डेस्कटॉप पीसी असेल तर वायर काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून ठेवा आणि झाकण उघडा. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. रॅम काढा, सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, कचरा झटका आणि 'टक्' आवाज होईपर्यंत परत बसवा. रोज वेगवेगळी निळी स्क्रीन येत असेल तर संशय आधी रॅमवर घ्यायचा. रॅम खराब असताना विंडोज टाकलं तर नवं विंडोजही आठवड्यात बिघडतं, शिवाय कॉपी होणाऱ्या फायलीही वाटेत खराब होऊ शकतात.

मग मदरबोर्डवरचा गोल सेल. मशीन चालू केल्यावर दरवेळी तारीख काही वर्षं मागे जात असेल तर सेल संपलाय. जुन्या मशीनमध्ये यामुळे बायोस मूळ सेटिंगवर जातो, बूट मोड किंवा साटा मोड (मशीन कसं सुरू होतं आणि डिस्क कशी वाचली जाते याची सेटिंग) बदलतो आणि धडधाकट विंडोज बूटच होत नाही. लोक याला 'विंडोज उडालं' म्हणतात. सीआर २०३२ नंबरचा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो बदला, तारीख लावा, मोड पूर्ववत करा. निम्मी 'उडालेली' विंडोज इथेच परत येतात, असं माझं मत आहे.

डेस्कटॉप कोरा आला असेल तर सी ड्राइव्हमधलं 'यूजर्स' फोल्डर उघडा. तिथे तुमच्या नावाचं फोल्डर शाबूत असेल आणि शेजारी 'टेम्प' नावाचं नवीन फोल्डर दिसत असेल तर विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घुसवलंय. रिस्टार्ट करून बघा, पुष्कळदा तेवढ्याने जागेवर येतं. येईपर्यंत त्या कोऱ्या डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नका. लॉग-ऑफ झालं की ते प्रोफाइल पुसलं जातं.

आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर आधी जागा करा. रखडणं आणि अपडेट फसणं याचं कारण कित्येकदा तेवढंच असतं.

डिस्कची तब्येत, कॉपी सुरू करायच्या आधी

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. उघडलं की 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असं थेट दिसतं. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये 'रीअलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) ओळी बघा. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर काही जागा डिस्कला स्वतःलाच वाचता येत नाहीयेत.

याने पुढचा सगळा क्रम ठरतो. डिस्क 'गुड' असेल तर आरामात सगळं कॉपी करा. 'कॉशन' असेल तर सगळ्यात मोलाचं आधी घ्या: कागदपत्रं, हिशेब, घरचे फोटो. सिनेमे शेवटी. आणि अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन) अजिबात चालवू नका. इंटरनेटवर प्रत्येक रोगाला हेच औषध सांगितलेलं असतं. चेकडिस्क फाइल सिस्टिम सरळ करतं, तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं काम नाही. मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तास पळवतं.

डिस्कमधून 'टक-टक' किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर वीज बंद करा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

कुठे कॉपी करायचं

डी ड्राइव्हला नाही. 'डीला टाकलंय म्हणजे सेफ आहे' हा समज इतका पक्का आहे की त्यावर माझे वाद होतात. बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात, आणि इन्स्टॉल करताना कोणी सगळी पार्टिशन डिलीट केली तरी दोन्ही जातात.

बाहेरची हार्ड डिस्क घ्या, किंवा मोठा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, 'फाइल टू लार्ज' म्हणतो. लग्नाचा व्हिडिओ किंवा आउटलुकची डेटा फाइल नेमकी तिथेच अडकते. आधी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. तो आधी रिकामा असल्याची खात्री करा, हे सांगायला नको.

'कट' कधीच करू नका, 'कॉपी'च. मधेच वायर हलली तर कट केलेली फाइल ना इथली ना तिथली अशी होऊ शकते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फायलींची संख्या जुळवा. मग डिस्क दुसऱ्या मशीनला लावून वेगवेगळ्या फोल्डरमधल्या काही फायली प्रत्यक्ष उघडून बघा. ही पायरी कोणी करत नाही, आणि रडारड नंतर इथूनच होते.

एखाद्या खराब फाइलवर कॉपी अडकत असेल तर विंडोजमध्येच असलेलं रोबोकॉपी हे कॉपीचं साधन वापरा. त्याला 'एकदाच प्रयत्न कर आणि पुढे जा' असं बजावून सांगावं लागतं. नाहीतर ते न वाचता येणाऱ्या एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. ही त्याची मूळ सेटिंग आहे, गंमत नाही.

वनड्राइव्हची फसगत

तुमचा डेस्कटॉप दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या 'वनड्राइव्ह'मध्ये हलवलेली असतात. कॉपी करणारा 'यूजर्स'मध्ये जातो, तिथलं 'डेस्कटॉप' उचलतो, ते रिकामं असतं.

फाइलशेजारी निळा ढग असेल तर ती मशीनवर नाहीच, फक्त तिची पाटी आहे. तशा फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा, हिरव्या खुणा येईपर्यंत थांबा आणि मग कॉपी करा.

उलट बाजूही आहे. फुकटचं वनड्राइव्ह ५ जीबीचं. ते भरलं की सिंक बंद पडतं, कोपऱ्यात एक लाल खूण येते आणि ती महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. जुन्या फायली ढगात, अलीकडच्या फक्त मशीनवर. 'सगळं वनड्राइव्हला आहे' म्हणणाऱ्याने ब्राउझरमधून लॉगिन करून सगळ्यात नव्या फाइलची तारीख बघावी.

नजरेतून सुटणाऱ्या जागा

टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीप्राइममध्ये तो साधारणपणे 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरात टॅलीच्या नावाखाली 'डेटा'मध्ये असतो. आत नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं, एका कंपनीला एक. जुन्या ईआरपी ९मध्ये तो सी ड्राइव्हवर थेट टॅलीच्या फोल्डरातही सापडतो. अंदाज बांधू नका, टॅली उघडून कंपनी निवडायच्या पानावर डेटा पाथ बघा. आणि नुसतं फोल्डर कॉपी करण्यावर न थांबता टॅलीच्या आतून बॅकअपही घ्या. हॉस्पिटल, शाळा, पतसंस्था यांची सॉफ्टवेअरं डेटाबेसवर चालतात. त्यांची फाइल 'वापरात आहे' म्हणून कॉपीच होत नाही, तिथे आतला बॅकअप हाच मार्ग.

आउटलुकच्या पीएसटी फायली (यांत मेल साठवलेले असतात) डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये असतात, जुन्या असतील तर लपवलेल्या 'ॲपडेटा'मध्ये. क्रोमचे पासवर्ड फोल्डर कॉपी करून येत नाहीत, कारण ते त्या विंडोज अकाउंटच्या किल्लीने बंद केलेले असतात. सिंक चालू करा, किंवा सेटिंगमधून एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्ट केलेली फाइल कोणालाही वाचता येते, काम झालं की उडवा.

आता फॉन्ट. यावर जरा थांबतो, कारण मराठी माणसाचं नुकसान इथे सगळ्यात जास्त होतं आणि इंग्रजी लेखांमध्ये याचा उल्लेखही नसतो. वकिलांची ऑफिसं, डीटीपीवाले, फ्लेक्सवाले, शाळा, ग्रामपंचायती, सगळीकडे वर्षानुवर्षांचा मजकूर कृतीदेव, शिवाजी, किरण किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. हे युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, नव्हेत. कृतीदेवमध्ये तुम्हाला दिसणारा 'म' हा फाइलच्या आत इंग्रजीतला छोटा 'ई' असतो आणि 'र' हा 'जे'. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं. विंडोज नव्याने टाकलं, फॉन्ट गेला, की तेच पत्र निरर्थक इंग्रजी होऊन समोर येतं आणि मालक म्हणतो व्हायरसने फायली खाल्ल्या.

फायलीला काही झालेलं नसतं. तोच फॉन्ट परत टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. पण 'तोच' हे महत्त्वाचं: कृतीदेवचे कित्येक क्रमांक आहेत आणि त्यांत थोडेथोडे फरक आहेत. म्हणून विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर आख्खं कॉपी करून ठेवा. २०१८पासून विंडोज १०मध्ये एकाच यूजरपुरता फॉन्टही टाकता येतो. तसे फॉन्ट मुख्य फोल्डरात नसून त्या यूजरच्या 'ॲपडेटा'त, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर असतात. तेही घ्या. श्रीलिपीसारखं लायसन्सवालं सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी किंवा सेटअप आणि डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) हाताशी आहे ना, ते पुसण्याआधी बघा. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फॉन्ट नसल्याचं सांगून बदली फॉन्ट सुचवतं, तो कायमचा मान्य करून फाइल सेव्ह करू नका.

मशीन चालूच होत नसेल तर

सुरू होण्यात लागोपाठ दोन-तीनदा अडथळा आला की विंडोज स्वतःच निळं रिकव्हरी पान दाखवतं. तिथे 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'कमांड प्रॉम्प्ट'. काळ्या खिडकीत 'नोटपॅड' असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नोटपॅडच्या 'फाइल'मधून 'ओपन' घ्या आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. ही छोटी खिडकी आता तुमचं फाइल एक्स्प्लोरर आहे. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. दोन गोष्टी लक्षात ठेवा. इथे ड्राइव्हची अक्षरं सरकतात, तुमचा सी कधी डी म्हणून दिसतो, म्हणून आत 'यूजर्स' आहे का यावरून ओळखा. आणि कॉपीची हिरवी पट्टी दिसत नाही, खिडकी नुसती अडकल्यासारखी वाटते. थोडं थोडं कॉपी करा, धीर धरा.

तेही जमलं नाही तर लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवा, ८ जीबीचा पुरतो. त्यावरून मशीन चालू करा आणि विचारलं तर इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. विंडोजची डिस्क फोल्डरसारखी उघडते. 'फक्त वाचता येईल' असं म्हणाली तर उत्तमच, आपल्याला वाचायचंच आहे.

त्यापुढची पायरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला यूएसबी केसिंगने (डिस्क बसवायच्या डबीने) लावणं. केसिंग घेताना डिस्क २.५ इंची साटा आहे, एम.२ साटा आहे की एनव्हीएमई, ते स्टिकरवर बघूनच घ्या, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका.

आता विंडोज टाकायचं

सगळ्यात सौम्य मार्ग आधी. मशीन चालू होत असेल तर विंडोजची आयएसओ (सेटअपची) फाइल आतूनच उघडून सेटअप चालवा आणि 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडा. फायली, प्रोग्रॅम, फॉन्ट, सगळं राहतं. त्यानंतरचा मार्ग 'रीसेट धिस पीसी'मधला 'कीप माय फाइल्स'. यात तुमच्या फोल्डरातल्या फायली राहतात, पण प्रोग्रॅम जातात, आणि सी ड्राइव्हवर इतरत्र ठेवलेल्या डेटाचा भरवसा नाही.

पेनड्राइव्हवरून बूट करून टाकणं हा शेवटचा मार्ग. २४एच२च्या नव्या सेटअपमध्ये 'सगळं पुसलं जाईल हे मान्य आहे' अशा चौकटीवर टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती चौकट खरंच वाचा. पार्टिशनच्या पानावर सी-डी अशी अक्षरं नसतात, 'डिस्क ०, पार्टिशन ३' असं असतं. ओळखायचं ते आकारावरून, म्हणून आधीच सी आणि डीचे आकडे लिहून ठेवा. मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर तिची वायर काढूनच सेटअप सुरू करा. यादीत डिस्कच दिसत नसेल तर ती मेली असं धरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये स्टोरेजचा वेगळा ड्रायव्हर त्या पानावर द्यावा लागतो.

टाकून झालंय आणि फायली दिसत नाहीत

सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज.ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का बघा. फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर टाकलं असेल तर जुनं 'यूजर्स' त्यात जसंच्या तसं असतं. आजच बाहेर काढा. अपग्रेडनंतर विंडोज ते साधारण १० दिवसांनी स्वतःहून उडवतं, आणि डिस्क क्लीनअपमध्ये जुन्या विंडोजवर टिक करून चालवलं तर लगेच. 'परवानगी नाही' आलं तर 'कंटिन्यू' दाबा आणि वाट बघा, मोठ्या फोल्डरला वेळ लागतो.

फोल्डर नाही आणि फॉरमॅट झालाय? मशीन बंद करा. ब्राउझर उघडून उपाय शोधायचा तो मोबाइलवर, कारण त्या मशीनवरचं प्रत्येक काम जुन्या जागेवर नवं लिहितं. फिरत्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही बरंच काही परत मिळतं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावून आधी टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरने हरवलेलं पार्टिशन शोधा. ते नाही जमलं तर फोटोरेक हे सॉफ्टवेअर. त्यात फायलींची नावं जातात आणि हजारो फोटो आकड्यांच्या नावाने येतात, ही किंमत धरून चाला. सापडलेलं त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. एसएसडी (फिरती चकती नसलेली डिस्क) असेल तर आशा फार कमी, कारण ट्रिममुळे मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

- डिस्कमधून आवाज येतोय, किंवा ती बायोसमध्ये मधूनच दिसते आणि गायब होते.
- पेंडिंग सेक्टरचा आकडा कॉपी करता करता वाढतोय.
- मशीन पाण्यात भिजलंय किंवा पडलंय. सुकवून चालू करून बघणं नको.
- एसएसडी कुठल्याच मशीनला दिसत नाही.
- हिशेबाचा किंवा संस्थेचा एकमेव डेटा आहे आणि फॉरमॅट होऊन गेलाय.

जाणकार म्हणजे डेटा रिकव्हरी करणारी लॅब. विंडोज मारून देणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं हे काम नव्हे. हार्ड डिस्क स्वच्छ खोलीबाहेर कोणी उघडत असेल तर देऊ नका. देण्याआधी विचारा: आधी डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून त्यावर काम करणार का, डेटा नाही मिळाला तर काय आकारणार, आणि मूळ डिस्क परत मिळणार का.

साध्या दुकानात देत असाल तर जॉब कार्डवर 'डेटा हवा, विचारल्याशिवाय फॉरमॅट नको' हे त्यांच्याच पेनने लिहून घ्या आणि त्या कार्डाचा फोटो काढून ठेवा.